इंदुमतीच्या नावाचं पार्सल

“मेलेल्या बाईच्या नावानं पार्सल येतं कसं, हे मला कोणीतरी सांगा,” माझे वडील, नाना, दारात उभे राहून ओरडत होते, आणि आवाज असा की पिंप्राळ्यातली झाडून सगळी कुत्री रेल्वे फाटकापलीकडे पळून गेली. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मी तिथं होते. नानांच्या अंगात एस.टी. कंडक्टरची खाकी, खांद्याला तिकिटांची पेटी तशीच, आणि मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसं दोन बोटांच्या चिमटीत धरलेलं, सुतळीनं बांधलेलं एक पुडकं. अंगणात त्या दिवशी आमच्या घरचे उडदाचे पापड चालले होते. वीस-बावीस बाया, तेवढीच लाटणी, आणि सगळी लाटणी एका दमात थांबली. पुडक्यावर निळ्या शाईनं ठसठशीत लिहिलेलं होतं: सौ. इंदुमती, पिंप्राळा, जळगाव. माझी माय उखळापाशी पीठ कुटत होती. तिनं ते नाव एकेक अक्षर लावत वाचलं, मुसळ भिंतीला टेकवलं आणि गळ्यातला चांदीचा टाक मुठीत गच्च धरला. मी, वय वर्षं सतरा, खांबाआड लपले. कारण ते नाव मी दिलेलं होतं.

टाक म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. परवा माझ्या नातीनं जुन्या फोटोत तो पाहिला आणि “आजी, हे लॉकेट कुठं मिळतं” म्हणून विचारलं. लॉकेट नव्हे बाई, ती सवत असते. दुसरेपणावर दिलेली बाई पहिलीची आठवण चांदीच्या पत्र्यावर ठोकून गळ्यात घालायची. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, पुरणपोळी झाली की पहिला घास टाकाला दाखवायचा. नानांची पहिली बायको लग्नाच्या वर्षातच तापानं गेली होती. तिला घरात सगळे ‘थोरली’ म्हणत. थोरलीला भरीत तिखट लागायचं, थोरली असती तर असं झालं नसतं, थोरलीच्या हाताला काय चव होती. आजी-आजोबा, काका, आत्या, सगळे थोरली-थोरली करता करता एकेक करून वर गेले, पण सतरा वर्षांत तिचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. ना फोटो, ना कागद. टाकावर तर नुसते दोन डोळे आणि एक कुंकू. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा घोळ माझ्या मूर्खपणाचा निम्माच होता हे तुम्हाला पटेल.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पापडाची पाळी लागायची. आज आमच्याकडे, उद्या मुमताजखालाकडे, परवा गंगूअक्काकडे. मजुरी कोणी कोणाला देत नसे; चहा मिळायचा आणि तेलात बुडवलेली कच्ची लाटी, जिच्यासाठी मी आजही स्वर्ग सोडून परत येईन. मुसळाचे घाव असे पडायचे की स्टेशनात उभी असलेली मालगाडी सुटायची वेळ झाली समजून हलायची. मुमताजखाला आमच्या शेजारची, तिचा नवरा पिंजारी, गाद्या भरायचा. तिचं लाटणं चालू झालं की चार बाया नुसत्या लाट्या पुरवायला लागत. गंगूअक्का गल्लीत सगळ्यांत मोठी, आणि तिचा पापड इतका पातळ की त्यातून समोरच्या बाईच्या नाकातल्या चमकीचे खडे मोजता यायचे. आणि मी वाचायची. वाचणारीला लाटणं माफ होतं. दुपारभर, नाना गाडीवर असताना, मी उखळाशेजारी पाटावर बसून मोठ्यानं पुस्तक वाचायची, आणि उभ्या जळगावात त्या दिवसांत आमच्या गल्लीइतके पापड कुठं होत नव्हते.

कुठली मालिका आणावी याचा माझा एक नियम होता. वाणीकाकांच्या लायब्ररीत मी पुस्तक उघडायचीच नाही. नुसतं आडवं धरून पानांच्या कडा बघायची. कडा जितक्या काळ्या तितकं पुस्तक चांगलं. मग आतले डाग. हळदीचं बोट, तेलाचा थेंब, कढीचा शिंतोडा, म्हणजे कोणीतरी बाईनं चुलीवर काहीतरी करपू दिलं पण पुस्तक खाली ठेवलं नाही. याच्याहून मोठं प्रशस्तिपत्र जगात नाही. नुसत्या भुतांच्या पुस्तकांच्या कडा निम्म्या काळ्या असत, नुसत्या प्रेमाच्या पाऊण, आणि भुताच्या प्रेमाच्या मात्र कोळशासारख्या. आता माझी नात फोनवर चांदण्या मोजून मालिका मागवते. वाचकांना आवडलेल्या अमुक, हजारो बायांनी वाचलेल्या तमुक, कुठं लांडग्याचा माणूस होतो, कुठं तीनशे वर्षांचा देखणा मुडदा कॉलेजातल्या पोरीवर जीव टाकतो. मला त्यात वावगं काही दिसत नाही. पण चांदण्या काय, कोणीही देतं. मी तिला म्हणते, आधी कढीचा डाग दाखव.

आमची मालिका होती ‘चंद्रावळीचा फेरा’. आठ भाग. चंद्रावळ नावाची नवरी अंगाची हळद निघायच्या आत मरते, आणि दर पौर्णिमेला आरशातून बाहेर येऊन नवऱ्याला, रणधीरला, भेटते. सहाव्या भागात घरचे रणधीरचं दुसरं लग्न लावून देतात. सातव्याच्या शेवटच्या पानावर चंद्रावळ आतून आरशाला तळहात टेकवते आणि म्हणते, “पुढच्या पौर्णिमेला मी कायमची येते. तिला जायला सांग.” आणि तिथं भाग संपतो. मी ती ओळ वाचली तेव्हा बावीस बायांनी एकदम श्वास आत ओढला आणि खाटेवरचे वाळलेले पापड हातभर आमच्याकडे सरकले.

“आलीच पाहिजे ती,” मुमताजखाला म्हणाली. “पहिला हक तिचा.”

“येईच ती,” गंगूअक्का म्हणाली. “न येवाले काय झायं?”

“मग त्या दुसरीचं काय?” मायनं विचारलं.

“दुसरीचं काय असतंय,” खाला हसली. “तिला नाव तरी आहे का गोष्टीत?”

मी मागची पानं चाळून पाहिलं. खरंच नव्हतं. मायनं मुसळ उचललं, आणि ते घाव मला त्या दिवशी नेहमीपेक्षा जोरात वाटले, पण मी सतरा वर्षांची होते आणि माझं सगळं लक्ष आठव्या भागाकडे.

आठवा भाग वाणीकाकांकडे नव्हता. जळगावात कोणाकडेच नव्हता. आणि मला तर पुस्तकाला हातच लावायची बंदी होती. पाचवा भाग नानांना लाट्यांच्या पातेल्यात सापडला होता, ओल्या फडक्याखाली, आणि ते म्हणाले होते, “पुन्हा गोष्टीचं पुस्तक दिसलं तर कॉलेजात नाव घालणार नाही. बोदवडचं स्थळ आलेलं आहेच.” नाना एखादी गोष्ट एकदाच सांगत. गाडीत स्टॉप ओरडल्यासारखी. उतरायचं तर उतरा, नाहीतर गाडी पुढे गेली. बोदवडच्या स्थळाला मी पाहिलेलं होतं. मुलाबद्दल काही म्हणत नाही, पण त्यांच्या घरात वाचण्यासारखं एकच होतं, खताच्या पोत्यावरची छपाई.

तरी मी आठवा भाग मागवलाच. सातव्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर एक जांभळा शिक्का होता: जुनी पुस्तके घेणार व देणार, बसस्टँडाबाहेर, धुळे. मुमताजखालाचा भाऊ धुळ्याला राहायचा. तो त्या पुस्तकवाल्याकडे गेला, पैसे देऊन आला. पुस्तकवाला म्हणाला, आठ दिवसांत मिळवतो आणि गाडीवर पाठवतो. ही त्याची रीतच होती. तेव्हा अर्धा खानदेश कंडक्टरच्या सीटखालून इकडून तिकडे जायचा. औषधं, चष्मे, लग्नपत्रिका, फैजपूरच्या केळ्यांचे घड, एकदा तर एक जिवंत बोकड. पुडक्यावर नाव लिहायचं, निघणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं, आणि इकडे ज्याचं त्यानं स्टँडवरून उचलायचं. नाना त्याच रस्त्याच्या गाडीवर कंडक्टर. म्हणून मी खालाच्या भावाकडून बजावून सांगितलं: गुरुवारच्याच गाडीनं पाठवा. गुरुवारी नानांची सुट्टी. स्टँडवर खाला जाणार.

राहिलं नाव. माझं नाव लिहावं तर डेपोतला प्रत्येक माणूस मला ओळखणारा. खालाचं लिहावं तर तिचा नवरा रोज स्टँडवर चहा प्यायचा. असं नाव पाहिजे होतं की जे कोणाचंच नाही. मी विचार करत स्वयंपाकघरात बसले होते, आणि समोर पापडाचा मोठा पितळी डबा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: सौ. इंदुमती. आता तुम्ही म्हणाल, एवढंही कळलं नाही का? नाही कळलं. आमच्या घरातली निम्मी भांडी मोडीच्या दुकानातून आणलेली. आमच्या तांब्यावर कोण्या रुक्मिणीचं नाव होतं, परातीवर कोण्या दामोदरचं, आणि एका वाटीवर तर चक्क ‘शाळेची वस्तू’. अनोळखी माणसांच्या नावांतून आम्ही जेवत होतो. मला वाटलं, असेल कोणी इंदुमती, मोडीत निघालेली. तिचं नाव मी चिठ्ठीवर लिहून खालाच्या भावाला दिलं.

पुस्तकवाल्याला भाग मिळाला बुधवारी. बिचारा भला माणूस. बाई वाट बघत असेल, उद्यापर्यंत कशाला ठेवा, असं म्हणून त्यानं समोर लागलेल्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात पुडकं दिलं. पुढचं मला नानांच्या ड्रायव्हरनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. नानांनी न बघताच ते सीटखाली सरकवलं. पारोळ्याला हिशेबाची पाटी काढायला वाकले आणि नाव वाचलं. त्यानंतर गाडीत घंटा वाजली नाही. पारोळ्याचे लोक एरंडोलला उतरले, एरंडोलचे पाळधीला, आणि एकानंही तक्रार केली नाही, कारण कंडक्टरचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला होता. वर आणखी पुडक्याचा कागद एका कोपऱ्यात फाटलेला. त्यातून मुखपृष्ठ दिसत होतं: आरशातून बाहेर आलेला एक पांढरा हात, चुडा भरलेला. थोरलीला लग्नाच्या चुड्यातच स्मशानात नेलं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तर अंगणात सगळे असे उभे. गंगूअक्का सगळ्यांत आधी सावरली, कारण तिला कशाचाच धक्का बसायचा नाही. यमाला तिनं आधी चहा विचारला असता. ती पुडक्याभोवती फिरली, नाव कोणाकडून तरी वाचून घेतलं, फाटलेल्या कोपऱ्यातला हात पाहिला आणि म्हणाली, “हाऊ थोरलीना निरोप शे, भाऊ. तिनं काहीतरी मांगनं राही गयं.”

“काय मांगनं?” नानांचा आवाज एकदम खाली आला होता. तो ओरडण्यापेक्षा वाईट होता.

“घर,” अक्का म्हणाली. “दुसरं काय मांगी ती? सव्वा महिना धाकटीला माहेरी धाड. घर मोकळं ठेव. ती येई, बघी, शांत हुई जाई.”

ज्या बाया महिनाभर आलीच पाहिजे, आलीच पाहिजे म्हणत होत्या, त्यांच्या अंगणात ती खरोखर यायला निघाली तर सगळ्यांचे डोळे जमिनीला. मी नानांकडे पाहिलं. ते नको म्हणतील असं मला वाटलं. ज्या माणसानं गोष्टीच्या पुस्तकापायी माझं कॉलेज पणाला लावलं, तो हे थोडंच ऐकणार. नानांनी मान हलवली. होकाराची. आणि माय, माझी माय, जिनं त्या घरात अठरा वर्षं मुसळ हाणलं, ती आत गेली आणि हिरवी पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत दोन लुगडी आणि फणी. एवढंच. इतक्या लवकर भरली होती की मला वाटलं, ही पिशवी ती पहिल्या दिवसापासून मनात भरूनच बसली होती. “संध्याकाळची फैजपूरची गाडी मिळेल,” ती मला म्हणाली. “शकू, पीठ झाकून ठेव, नाहीतर चामट होईल.”

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. पुढेही मारीन. पण त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

“नाव मी दिलं,” मी म्हणाले. “पुस्तक आहे त्यात. गोष्टीचं. मी मागवलं.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. बोदवड मला तिथूनच दिसायला लागलं, स्टेशनासकट.

“हे नाव तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. डब्यावर होतं. पापडाच्या. मला वाटलं मोडीतला आहे.”

“आण तो.”

मी झाकण आणून दिलं. नानांनी ते उन्हात तिरपं धरलं आणि त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा. “तिच्या मामानं दिला होता,” ते म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. मी मायकडे बघितलं. तिला ठाऊक होतं. अठरा वर्षं तिनं तो डबा चिंचेनं घासला होता. आमच्या तांब्यावरची रुक्मिणी झिजून अर्धी झाली होती, परातीवरचा दामोदर गेल्यात जमा होता, आणि इंदुमतीची अक्षरं मात्र काल कोरल्यासारखी.

नाना खाटेवर बसले. खाटेवर पापड वाळत होते. अकरा पापड त्यांच्याखाली मोडले, मी आवाजावरून मोजले, आणि एरवी एका पापडाला चीर गेली तर गल्ली डोक्यावर घेणाऱ्या बाया त्या दिवशी हूं की चूं नाही. मला वाटलं आता पुस्तक फाडतील. नानांनी सुतळी तोडली नाही, गाठ सोडवली. कागद घडी करून खिशात घातला, नाव वरच्या बाजूला. आणि पुस्तक उघडून वाचायला लागले.

पहिल्या पानापासून. तिकिटं फाडताना ओलवायचे तसा अंगठा जिभेला लावून, ओठ हलवत, एकेक पान. गंगूअक्कानं डोळ्यांनी खूण केली तशी लाटणी पुन्हा चालू झाली, पण कशी, तर मांजराच्या पावलानं. बावीस लाटणी आणि पोळपाटाचा आवाज नाही, असं मी ना आधी पाहिलं ना नंतर. ऊन खाटेवरून सरकून भिंतीवर गेलं. फैजपूरची गाडी निघून गेली; माय पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसून होती आणि तिला कोणी जा म्हणालं नाही, राहा म्हणालं नाही. नानांचा चेहरा वाचायला मी माझा सगळा जन्म लावला असता तरी काही लागलं नसतं. एका ठिकाणी त्यांनी पान उलटून परत मागे घेतलं. एका ठिकाणी चष्मा काढून बंडीला पुसला.

जूनमध्ये काय झालं ते इथंच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. कॉलेजात नाव घातलं. फॉर्म नानांनीच आणला, सही करताना ड्रायव्हरकडून पेन उधार घेतलं, आणि पुस्तकांच्या बंदीबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. पण तो आठवा भाग मला कधीच मिळाला नाही. तो त्यांच्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत गेला आणि पेटीला कुलूप. पुढे पेटी डेपोत जमा झाली तेव्हा आत पुस्तक नव्हतं. नात म्हणते, आजी, थांब, शोधते. तिनं नाव टाकलं. फोनवर भुतांच्या प्रेमाच्या शेकडो मालिका निघाल्या, दुसऱ्या दिवशी घरपोच, पुडक्यावर स्वतःचं खरं नाव छापलेलं, कोणाला काही लपवणं नाही. चंद्रावळ निघाली नाही. बरंच झालं. माझ्यापुरता शेवट मी ऐकलेला आहे.

कारण दिवस कलता कलता नानांनी पुस्तक मिटलं. लाटणी आपोआप थांबली. बावीस बायांचा जीव ओठांवर आलेला. मुमताजखालाच्या भावानं त्यासाठी धुळं पालथं घातलेलं. मी त्यासाठी कॉलेज घालवून बसलेली. पण विचारायची छाती कोणाची होईना. गंगूअक्कानंसुद्धा नुसतं खाकरून घेतलं.

विचारलं मायनं. उंबऱ्यावरूनच, पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत, खाली बघून.

“आली का ती?”

नानांनी मोडलेल्या पापडांतला एक तुकडा खाटेवरून उचलला, उलटसुलट करून पाहिला.

“नाही आली,” ते म्हणाले. “पापड भाज एक.”